तोय जैसें: दिगंबरास पत्र

अंबाजोगाई, 14 जुलै

प्रिय दिगंबर,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, चुकलं. फोन केला असता तर पाऊसपाणी बोलून ठेवून दिला असता, म्हणून कागद घेतला. तब्येत बरी. शुगर गोळीवर, हिचा गुडघा तसाच.

परवा भाचा आला होता, कॉम्प्युटरवाला. त्यानं एक खेळ आणला. एखाद्या ग्रंथात सगळ्यांत जास्त वेळा येणारे शब्द तेवढे चिठ्ठीवर लिहायचे, आपण ग्रंथ ओळखायचा. लाईट गेलेली, ओट्यावर बसलो. पहिली चिठ्ठी: तुका, म्हणे. चार हजारांवर अभंगांची सहीच ती. दुसरी: जनी, म्हणे, नामयाची, दासी. गंगाखेड माझं आजोळ, ती कशी चुकेल? तिसरी: सर्वज्ञें, म्हणितलें, गोसावी, मग. लीळाचरित्र! त्या 'मग'वरून पकडलं. भाचा खूश. म्हणाला, "मामा, मराठी मोजणं लई किचकट. पाणी, पाण्याला, पाण्यात, पाण्यानं हे कॉम्प्युटर चार निराळे शब्द धरतो. आधी त्यांची मोळी बांधावी लागते."

चौथी चिठ्ठी: जैसें, तैसें, तरी, आतां, म्हणौनि, कां. अर्जुना, किरीटी, पांडवा ही संबोधनं त्यानं मुद्दाम काढली होती. दहा मिनिटं बघत बसलो. शेवटी म्हणालो, विवेकसिंधू. शके 1110 चा, आपल्या गावचा ग्रंथ, तोंडात तेच आलं. तो हळूच म्हणाला, "मामा, ज्ञानेश्वरी."

दिग्या, एकतीस वर्षं शिकवली रे मी ती.

1983 ची वसतिगृहाची गच्ची आठवली. तू म्हणाला होतास, "तू अर्थ वाचतोस, ओवी वाचत नाहीस." आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही, तुझ्या ताटातली भाकरी तेवढी उचलत होतो. ते भांडण नानांनी मिटवलं असं तू सगळ्यांना सांगतोस, ते साफ खोटं. वत्सलाताईंच्या शेंगदाण्याच्या चटणीनं मिटलं. पण मुद्दा तुझा खरा होता. आज कबूल करतो.

त्या रात्री झोप लागेना. दादांची पोथी काढली, बारावा अध्याय उघडला. एका वाटीत ज्वारी घेतली, एका वाटीत तूर. 'जैसें' आलं की ज्वारीचा दाणा, 'तैसें' आलं की तुरीचा. ही उठून आली, म्हणाली, "मध्यरात्री काय निवडायलात?" तिला काय सांगू? 'जो सर्व भूतांच्या ठायीं' या ओवीपाशी आलो आणि थांबलो. ती संपते 'चैतन्या जैसा' वर. पुढची 'वसुधा जेवीं' वर. मग आणखी एक, आणि मग ती:

गाईची तृषा हरूं । कां व्याघ्रा विष होऊनि मारूं ।
ऐसें नेणेंचि गा करूं । तोय जैसें ॥

तीन चरण होईतो पाण्याचं नावसुद्धा नाही. गाईची तहान भागवू, वाघाला विष होऊन मारू, असं करणं ज्याला ठाऊकच नाही, तो कोण? शेवटच्या दोन शब्दांत पाणी येतं आणि 'जैसें'वर ओवी टेकते. मी फळ्यावर 'उपमा अलंकार' लिहून पुढं जायचो.

भाच्यानं आणखी एक सांगितलं. अमेरिकेत 1787-88 साली राज्यघटनेच्या बाजूनं टोपणनावानं लेख छापले. त्यातले बारा हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीडशे वर्षं रेंगाळला. मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 'अपॉन'सारखे बारके शब्द मोजले. हॅमिल्टन तो सारखा लिहायचा, मॅडिसन क्वचित. 1964 साली पुस्तक काढून त्यांनी कौल मॅडिसनकडं दिला. मोठे शब्द विषयाचे, ते कुणीही वापरील. बारके ज्याचे त्याचे. नाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा त्यांच्या कानात हे जैसें-तैसें घुमत असणार, असं मला राहून राहून वाटतं.

आता जे कुणालाच बोललो नाही ते. केजकडची ती मुलगी, दोन वेण्या, खिडकीजवळ बसणारी. सहामाहीत याच ओवीचा भावार्थ विचारला होता. तिनं लिहिलं होतं, "जैसें सगळ्यात शेवटी आलं आहे, म्हणून पाणी एकदम समोर येतं. ते आधी आलं असतं तर एवढं वाटलं नसतं." मी लाल शाईनं 'अवांतर' लिहिलं आणि पाचपैकी दोन गुण दिले. ती पेपर घेऊन टेबलापाशी आली, काही बोलली नाही, घडी घालून गेली. पोरीला ओवी दिसली होती, दिग्या, आणि मी तिला ती चूक म्हणून परत दिली. असे आणखी किती पेपर माझ्या हातून गेले असतील?

तुझ्या नव्या घराची वास्तुशांत झाली का? सूनबाईंची बदली झाल्याचं ऐकलं, बरं झालं. मोतीबिंदूचं टाळू नकोस.

त्या पोरीला नांदेडकडं दिलंय, तुमच्याच भागात. नाव तुला आठवेल, त्या वर्षी तू आमच्याकडं परीक्षक म्हणून आला होतास आणि तिच्या अक्षराचं कौतुक केलं होतंस. तिचा पत्ता काढ. फोन नंबर नको, पत्ताच पाहिजे. लाल शाईनं लिहिलं होतं, आता निळ्या शाईनं लिहायचंय.

तुझा,
बाळू