एक धडक, दोन निर्णय

महोदय,

शालेय बास्केटबॉलमध्ये हमखास वाद पेटतो तो एका प्रसंगावरून. ड्रिबल करत घुसलेला खेळाडू बास्केटखाली बचावपटूवर आदळतो, दोन्ही पंचांच्या शिट्ट्या एकदम वाजतात. एकाचे हात कमरेवर, म्हणजे ब्लॉकिंग (चूक बचावपटूची), तर दुसऱ्याची मूठ तळहातावर, म्हणजे चार्जिंग (चूक चेंडू घेऊन घुसणाऱ्याची). मग कडेने आरोळी उठते, ‘दोघांनाही फाऊल द्या!’

हा तोडगा अमेरिकेतल्या शालेय नियमांतला. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी खेळतो. त्यात दुहेरी फाऊलसाठी दोन्ही खेळाडूंनी एकमेकांवर खरोखर फाऊल करावा लागतो. पंचांचे मत जुळले नाही, एवढे कारण पुरत नाही. दोन्ही पंचांनी बाजूला येऊन एकच निर्णय ठरवायचा, नाहीच जमले तर मुख्य पंचाचा शब्द अखेरचा. ब्लॉकिंग ठरले आणि चेंडू बास्केटमध्ये गेला असेल तर गुण मिळून वर एक फ्री थ्रो. चार्जिंग ठरले तर चेंडू समोरच्या संघाला. ज्याचा पाचवा फाऊल, तो बाहेर.

बोलताना विचारायचे एवढेच: उडी घेणाऱ्याचे पाय सुटण्याआधी बचावपटू तोंड समोर करून, दोन्ही पाय टेकवून जागेवर आला होता का? ‘तो हलत होता, म्हणून ब्लॉकिंग’ हा गैरसमज तर कित्येक प्रशिक्षकांचाही आहे. एकदा जागा घेतल्यावर त्याला बाजूला किंवा मागे सरकता येते.

पण खरी चूक त्याआधीच होते. शिट्टीबरोबर फक्त मूठ वर जायला हवी. मग सहकाऱ्याकडे नजर, आणि प्रसंग ज्याच्या हद्दीतला त्यानेच पुढची खूण करायची. दुसऱ्याने मुकाट्याने हात खाली घ्यायचा. आवेशात खूण आधीच होऊन जाते आणि मग चारचौघांत ती मागे घ्यायला कोणी धजत नाही. मदतीला धावून आलेला दुसरा बचावपटू कोणी पाहायचा, हे सामन्याआधीच ठरलेले असावे.

आयोजकांना एक विनंती. बास्केटखालचे नो-चार्ज अर्धवर्तुळ (त्यात उभ्या बचावपटूवर उडी घेणारा आदळला तर सहसा चार्जिंग धरत नाहीत) अनेक मैदानांवर आखलेलेच नसते, मग पंच अंदाजाने बोलतात. अंतिम रेषेच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर, म्हणजे बास्केटच्या बरोब्बर मध्याखाली खिळा धरा आणि १.२५ मीटरच्या दोरीने आतली कड आखून घ्या. तासाभराचे काम आहे.

— एक बास्केटबॉल पंच, नागपूर