डी ड्राइव्ह सापडला

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

लॅपटॉप दुरुस्त झाला. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. डी ड्राइव्हवरचं सगळं जिथल्या तिथे आहे. आजीच्या ओव्यांच्या 22 फाइल मी एकेक उघडून ऐकल्या.

बाबा, त्या दिवशी 'डिस्क इनिशिअलाइझ करा' असं विचारणारी खिडकी आली, तेव्हा तुम्ही काहीही न दाबता ती बंद केलीत आणि मला फोन लावलात. फार बरं केलंत. तिथे हो म्हटलं असतं तर डिस्कच्या सुरुवातीला नवी कोरी अनुक्रमणिका लिहिली गेली असती. आतली पानं राहिली असती, पण कुठलं पान कुठे हे शोधायला तज्ज्ञ गाठावा लागला असता. बाजारातल्या दुकानदाराने 'फॉरमॅट मारून देतो' म्हटलं, तेही तुम्ही ऐकलं नाहीत. माझ्या जिवात जीव आला.

लॅपटॉप सुरू होतो आणि डी तेवढाच गायब, याचं कारण आत दोन डिस्क आहेत. विंडोज मी बसवलेल्या नव्या एसएसडीवर, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कवर आहे. फोटो आणि ओव्या जुन्या, फिरणाऱ्या डिस्कवर. ती मिनिटाला 5400 फेरे घेते. आई, तुला घड्याळासारखी टिकटिक ऐकू आली म्हणालीस ना, त्याने मी खरी घाबरले. डिस्कचं हेड, म्हणजे माहिती वाचणारी सुई, बिघडलं की असाच आवाज येतो, आणि मग प्रत्येक वेळी चालू करताना आतल्या तबकडीवर ओरखडे पडायची भीती असते. म्हणून पुण्याला आणल्यावर मी लॅपटॉप चालूच केला नाही. मागचं झाकण उघडलं, आधी बॅटरीची पिन काढली, मग डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि माझ्या लॅपटॉपला जोडली.

टिकटिक नाही. नुसती हलकी घरघर. आणि दहा-बारा सेकंदांत 'आजी', 'मालवणचं घर', 'जमीन कागदपत्रं' हे फोल्डर समोर! मी बाकी काही न तपासता आधी सगळं कॉपी करून घेतलं.

मग डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम चालवला. खराब सेक्टर, म्हणजे माहिती ठेवायचा बिघडलेला कप्पा, एकही नाही, पण सीआरसी एरर हजारांच्या घरात. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या वाटेत माहिती बिघडली की हा आकडा वाढतो. म्हणजे दोष वाटेतला. ती वाट म्हणजे बोटभर लांबीची, कागदासारखी पातळ पट्टी. उजेडात धरली तेव्हा एका घडीवर पांढरट चीर दिसली. डिस्कला वीजही त्याच पट्टीतून जाते. ती पुरेशी मिळेना, म्हणून हेड निघायचं आणि परत यायचं. तीच तुझी टिकटिक. पट्टीवर छापलेला नंबर जुळवून नवी मागवली, साडेचारशे रुपयांत काम झालं.

परत असं झालंच तर शटडाउन न करता रीस्टार्ट करा. शटडाउनमध्ये विंडोज अर्धवट झोपते, रीस्टार्टमध्ये पुरती नव्याने उठते. तरी डी दिसला नाही तर चालू होताना एफ टू दाबत राहा आणि निळ्या पानावर दुसऱ्या डिस्कचं नाव आहे का ते मला फोनवर वाचून दाखवा. नाव नसेल तर बिघाड त्या पट्टीचा किंवा डिस्कचा, असेल तर बहुतेक विंडोजचा. टिकटिक आली तर मात्र काही बघत बसू नका, सरळ बंद करा.

पट्टी नवी असली तरी डिस्क आठ वर्षांची आहे, माझा तिच्यावर भरवसा नाही. म्हणून सोबत एक बाहेरची हार्डडिस्क पाठवते आहे. दुसरी प्रत माझ्याकडे राहील. बाबा, दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत असता तेव्हा नवे फोटो तिच्यावर टाका, 'इजेक्ट' करून मगच वायर काढा आणि ती कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या पिशवीत नको.

आई, अकराव्या फाइलमध्ये आजी मधेच अडखळते आणि तू मागून तिला एक शब्द सुचवतेस. नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी होते. मी पाच-सहा वेळा ऐकलं, शब्द काही कळला नाही. लॅपटॉप हातात आला की ती फाइल लाव आणि तो शब्द मला लिहून कळव.

तुमची लेक