विद्यापीठ पातळीवर कुस्ती खेळणाऱ्या मुलींच्या निवासी तालमीसाठी मदतीचे आवाहन

सस्नेह नमस्कार.

शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील महाविद्यालयांत शिकून कुस्ती खेळणाऱ्या मुलींसाठी कोल्हापुरात निवासी तालीम सुरू करण्याचे काम आमच्या समितीने हाती घेतले आहे. माजी महिला खेळाडू, शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक आणि काही वस्ताद मंडळी यांची ही समिती आहे. या कामासाठी आम्ही आपल्याकडे आर्थिक आणि वस्तुरूप मदत मागत आहोत.

नियमाने आज मुलींना कोणी अडवत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्यांचे वजनगट असतात, विद्यापीठाचा महिला संघ निवडला जातो आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. स्पर्धेपुरती समानता आलेली आहे. वर्षभराच्या मेहनतीत मात्र ती नाही, आणि कुस्तीचा निकाल त्या मेहनतीवरच लागतो.

राधानगरी किंवा शिराळ्याकडचा मुलगा कुस्तीसाठी कोल्हापुरात आला, तर त्याला तालमीत जागा मिळते. पहाटे उठवायला वस्ताद असतात, हौद्यात, म्हणजे तालमीच्या मातीच्या आखाड्यात, उतरल्यावर तोडीचा जोडीदार मिळतो, खुराक करून खायची सोय असते आणि तिथूनच तो महाविद्यालयातही जातो. ही व्यवस्था आपोआप उभी राहिलेली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागेसारखे मैदान बांधले आणि पुढे पेठापेठांतल्या लोकांनी वर्गणी काढून तालमी जगवल्या. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकला जाता यावे म्हणून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून पैसे उभे केले, हे इथल्या जुन्या माणसांना आजही अभिमानाने सांगावेसे वाटते.

ही सगळी पुण्याई मुलांच्या वाट्याला आली. त्यात कोणाचा दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही, कारण महिलांची कुस्ती ऑलिम्पिकमध्येच २००४ साली आली आणि १९६१ पासून होणारी महाराष्ट्र केसरी स्पर्धा महिलांसाठी पहिल्यांदा झाली ती २०२३ साली, सांगलीत. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. पण मुली मॅटवर येऊन आता बरीच वर्षे झाली, त्यामुळे त्यांच्यासाठी तालीम नसण्याला काही सबब उरलेली नाही.

आज या मुली सराव कशा करतात ते पाहिले म्हणजे अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. तास संपल्यावर महाविद्यालयाच्या सभागृहात मॅट अंथरायची, परीक्षा किंवा कार्यक्रम असला की ती गुंडाळून ठेवायची, कपडे बदलायला साहित्याच्या खोलीत जायचे आणि जोड, म्हणजे सरावाची कुस्ती, रंगात आलेली असतानाच शेवटच्या एसटीसाठी पिशवी उचलायची. हिवाळ्यात सहालाच अंधार पडतो, तेव्हा तेवढाही सराव होत नाही. वसतिगृहात राहणाऱ्यांचे पहाटेच्या मेहनतीचे जमत नाही, कारण बहुतेक ठिकाणी फाटक उजाडल्याशिवाय उघडत नाही.

याहून मोठी अडचण जोडीदाराची आहे. एका महाविद्यालयात कुस्ती खेळणाऱ्या मुली दोन किंवा तीन असतात आणि त्यांचे वजन क्वचितच जुळते. ५० किलोच्या मुलीने रोज ६२ किलोच्या मुलीशी जोड केली, तर दुहेरी पट (दोन्ही पाय धरून पाडण्याचा डाव) काढण्याची वेळ आणि पकड दोन्ही चुकीच्या बसतात, अंगावर वजन घेऊन खांदा आणि गुडघा दुखावतो, आणि वजनदार मुलीलाही आपल्या ताकदीचा अंदाज येत नाही. आसपासच्या वजनाच्या मुली एका छताखाली राहिल्याशिवाय यावर उपाय नाही. म्हणूनच आम्ही फिरत्या शिबिरांऐवजी निवासी तालमीचा आग्रह धरला आहे.

कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलींच्या गरजा कमी आहेत असे कोणी समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, तो आम्हा सर्वांच्या आनंदाचा दिवस होता. परंतु त्या खेळांत सरावाला आख्खा संघ एका महाविद्यालयात मिळू शकतो. कुस्तीत तसे होत नाही, म्हणून सुरुवात इथून करत आहोत.

मुलीला निवासी ठेवताना पालक पहिला प्रश्न सुरक्षिततेचा विचारतात, आणि २०२३ साली देशातल्या नामवंत महिला कुस्तीगिरांना लैंगिक छळाच्या तक्रारींवरून दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरावे लागले, त्यानंतर तो विचारणे अगदी रास्त आहे. या तालमीत पूर्णवेळ महिला प्रशिक्षक आणि अधीक्षिका राहतील, तक्रार ऐकणाऱ्या समितीत संस्थेबाहेरील महिला सदस्य असतील आणि पालकांना कधीही येऊन पाहता येईल. प्रशिक्षिकेचे मानधन आम्ही खर्चात सर्वांत आधी धरले आहे. मॅट उशिरा आली तरी चालेल, पण प्रशिक्षिकेशिवाय एकही मुलगी आम्ही ठेवून घेणार नाही.

त्याखेरीज जागेचे भाडे, स्वतंत्र स्नानगृहे व कपडे बदलण्याच्या खोल्या, बारा मीटर लांब-रुंद अशी स्पर्धेच्या मापाची मॅट, दुखापतींवरील उपचार आणि रोजचा खुराक यांसाठी पैसा लागणार आहे. दूध, अंडी, बदाम, तूप आणि कडधान्ये यांचा खर्च दरमहा येत राहतो, तेव्हा एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा वर्षभर दरमहा थोडी रक्कम देणारे दाते आम्हाला अधिक हवे आहेत. दूध संस्था, शेतकरी आणि किराणा व्यापारी यांनी वस्तुरूपात मदत केली तरी तिचे मोल तितकेच आहे. एक स्पष्ट विनंती अशी की, विजेत्या मुलींच्या सत्कारासाठी फेटे, हार आणि ढाली यांवर जो खर्च गावोगावी होतो, त्यातला काही भाग ज्या मुली अजून जिंकलेल्या नाहीत त्यांच्या खुराकासाठी द्यावा.

आंतरविद्यापीठ स्पर्धेला २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. आज प्रथम वर्षाला असलेल्या मुलीला थोडीच वर्षे मिळतात, म्हणून पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होताना पहिली तुकडी दाखल व्हावी अशी आमची धडपड आहे. प्रवेश खेळ आणि घरची परिस्थिती पाहून दिला जाईल व कोणाकडूनही शुल्क घेतले जाणार नाही.

देणगी समितीच्या बँक खात्यावर धनादेशाने किंवा ऑनलाइन जमा करावी. रोख रक्कम समितीच्या कार्यालयातच द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत. जमाखर्च दर तीन महिन्यांनी तालमीच्या फलकावर लावला जाईल आणि दात्यांना पाठवलाही जाईल. ज्या माजी महिला कुस्तीगिरांना आठवड्यातून एखादा दिवस मॅटवर येऊन मुलींशी जोड करणे शक्य आहे, त्यांनी आपले वजन आणि सोयीची वेळ कार्यालयात अवश्य कळवावी.

आपले नम्र,
समितीचे सर्व सदस्य