वीज सर्वाधिक कधी जळते, ते ग्राहकाला रोज कळू द्या : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वापराच्या वेळेनुसार दर लावणारे स्मार्ट) मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर 1 जुलै 2025 पासून युनिटमागे 80 पैसे सवलत सुरू झाली. पाऊल चांगलेच आहे. पण आपल्या घरात सर्वाधिक वीज कधी जाते हे ठाऊक नसेल, तर ग्राहक वापराची वेळ बदलणार कशी? महिन्याच्या एकूण युनिटवरून ते कळत नाही, आणि रोज ॲप उघडून आलेख वाचणे सगळ्यांना जमत नाही.

त्यासाठी नवे यंत्र लागणार नाही. मीटर ठरावीक टप्प्यांनी, बहुधा अर्ध्या तासाने, वापर साठवतोच. वीज ग्राहकांच्या हक्कांबाबतच्या केंद्राच्या जून 2023 च्या दुरुस्ती नियमांप्रमाणे स्मार्ट मीटर दिवसातून किमान एकदा दुरून वाचायचा आणि ती माहिती ग्राहकाला द्यायची आहे. ती मराठीत, एका एसएमएसमध्ये द्यावी : ‘काल सर्वाधिक वापर सकाळी 6.30 ते 7, 1.1 युनिट. 9 ते 5 मध्ये 2.4 युनिट.’

एवढे पुरते. 25 लिटरच्या टाकीतले पाणी 30 अंशांनी तापवायला 2 किलोवॅटच्या गीझरला साधारण 26 मिनिटे लागतात आणि पाऊण युनिटाहून जास्त वीज जाते. साडेसहाचा आकडा पाहिला की घरच्यांना गीझर लगेच ओळखू येतो. शाळा-ऑफिसच्या घाईत तो नऊनंतर ढकलता येणार नाही, हे खरेच. कपडे धुण्याचे मशीन, इस्त्री आणि ई-स्कूटरचे चार्जिंग मात्र ढकलता येते.

खरा फायदा गृहनिर्माण सोसायट्यांचा आहे. 5 एचपीचा पाण्याचा पंप सुमारे 4.5 किलोवॅट ओढतो. रोज चार तास चालला तर महिन्याला 540 युनिट. सगळा वापर 9 ते 5 मध्ये आणला तर 80 पैशांच्या सवलतीने 432 रुपये वाचतात, आणि त्यासाठी फक्त टायमरची वेळ बदलायची. अडचण येते ती वरच्या टाकीच्या क्षमतेची. टाकी लहान असेल तर पहाटे पाणी संपते आणि वॉचमन पुन्हा पंप लावतो. म्हणून सामाईक मीटरच्या बिलावर चोवीस तासांचा छोटा स्तंभालेख छापावा. पहाटेचा स्तंभ वर आला की टाकी पुरत नाही, हे कमिटीला दिसेल.

आकडे चुकीचे गेले तर मात्र विश्वास उडेल. काही प्रणालींत 9.00 ची नोंद म्हणजे 8.30 ते 9 चा वापर असतो. तो पुढच्या अर्ध्या तासात धरला की सगळा आलेख सरकतो. संपर्क तुटल्यावर राहिलेली युनिट एकाच टप्प्यात टाकली तर खोटे शिखर दिसते. तिथे ‘नोंद मिळाली नाही’ असेच छापावे, सरासरीने भरू नये. मीटरचे घड्याळ दहा मिनिटे पुढेमागे असेल तर सवलतीची हद्दही तेवढीच सरकते. म्हणून घड्याळ दूरस्थ पद्धतीने नियमित जुळवावे आणि शेवटचे कधी जुळवले ती तारीख बिलावर द्यावी. छतावर सौर पॅनेल असलेल्यांना घेतलेली व दिलेली वीज वेगवेगळी दाखवावी. वजाबाकी केली की संध्याकाळचा वापर झाकला जातो.

एक धोका आहे. रोजचा आलेख पाहिला की घर कधी रिकामे असते ते कुणालाही समजते. बिले जिन्यात, लेटरबॉक्सवर पडलेली असतात. घरगुती बिलावर म्हणून महिन्याची सरासरीच छापावी, दिवसवार तपशील ओटीपीशिवाय उघडू नये. भाड्याच्या घरात नोंदलेला मोबाइल बहुधा मालकाचा असतो, म्हणजे भाडेकरूची दिनचर्या मालकाच्या हाती जाते. राहणाऱ्याचा क्रमांक वेगळा नोंदवण्याची सोय करावी, आणि त्याला आधीच्या भाडेकरूच्या नोंदी दिसू नयेत.

आपले,
वीजमीटर तपासणी व ऊर्जा लेखापरीक्षणात काम करणारे तंत्रज्ञ