लाइन गेली, फायली उरल्या: न्यू जर्सीच्या गव्हर्नरना खुलं पत्र

प्रति,
माननीय मिकी शेरिल,
गव्हर्नर, न्यू जर्सी राज्य,
ट्रेंटन.

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय, तेव्हा ते तुम्ही स्वतः वाचाल अशी आशा नाही. पण शनिवारी ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारात मेथीच्या जुड्या निवडायला येणारे बरेच जण वाचतील, आणि त्यातल्या अनेकांचं मत नोव्हेंबर 2025 मध्ये तुम्हालाच पडलंय. आमच्या मिडलसेक्स काउंटीत सॅम्पल बॅलट, म्हणजे नमुना मतपत्रिका, इंग्रजी, स्पॅनिश आणि गुजरातीत येतं. मराठीतही यावं असा माझा हट्ट नाही. आमच्या घरी बायको बडोद्याची आहे. ती गुजरातीतून वाचते आणि इंग्रजीपेक्षा हेच स्पष्ट लिहिलंय म्हणून मला ऐकवते.

मुद्द्यावर येतो. माझ्या टेबलावर गावाच्या कार्यालयाकडून आलेले अकरा कागद पडलेत. त्यांना कागद म्हणायचं ते केवळ कडेला थोडा पांढरा भाग उरलाय म्हणून. बाकी सगळं काळं फासलेलं. पहिल्या पानावर तारीख दिसते, चौथ्यावर 'धन्यवाद' एवढा एक शब्द, आणि नवव्या पानावर एका ओळीच्या शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह. कुणीतरी कुणाला तरी काहीतरी विचारलं होतं, इतकं त्यातून कळतं.

हे कागद एका गोदामाबद्दलचे आहेत. गावाचं नाव लिहीत नाही, कारण राज्यात 564 गावं-शहरं आहेत आणि टर्नपाइक या टोल-महामार्गाच्या एक्झिट 8ए च्या आजूबाजूच्या निम्म्यांना ही गोष्ट आपलीच वाटेल. शेत विकलं जातं, पाटी लागते, बांधकामाला मंजुरी देणाऱ्या गावच्या प्लॅनिंग बोर्डापुढे नकाशा येतो आणि सभागृहातलं कुणीतरी 'रेटेबल' हा शब्द उच्चारतं. रेटेबल म्हणजे जिच्यावर घरपट्टी वसूल होते अशी मालमत्ता. राज्यात घरामागे सरासरी घरपट्टी वर्षाला 10 हजार डॉलरच्या वर गेलीय, त्यामुळे या शब्दापुढे सगळे गप्प होतात. गोदाम शाळेत मुलं पाठवत नाही आणि कर भरतं. पहाटे साडेचारला रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकचा बीप-बीप आवाज मात्र त्या हिशेबात कुठेच धरलेला नसतो. गोदामं कुठे असावीत याबद्दल राज्याच्या नियोजन आयोगाने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. चांगल्या आहेत, पण त्या नुसत्या सूचनाच. पाळायच्या की नाही ते गाव ठरवतं.

आम्ही सहा-सात शेजारी जमलो. एक निवृत्त पोलिश शिक्षिका, एक डॉमिनिकन नर्स, किराणा दुकान चालवणारे एक गुजराती गृहस्थ, मी, आणि असेच आणखी दोघे-तिघे. आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर चिवड्याची परात मध्ये ठेवून पहिली बैठक झाली. मागणी साधी होती: रहदारीची पाहणी कुणी केली, कोणत्या महिन्यात केली आणि तीत शाळेच्या बसची वेळ धरली होती का, एवढंच सांगा. (आम्हाला वाटत होतं ती ऑगस्टमध्ये केली असावी. ऑगस्टमध्ये शाळा बंद असतात.) त्यासाठी 'ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट'खाली अर्ज केला. इथे सगळे त्याला ओप्रा म्हणतात. टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्री बाईंशी त्याचा काही संबंध नाही, पण पोलिश बाईंना हे समजावण्यात आमची एक अख्खी संध्याकाळ गेली.

कायदा म्हणतो सात कामाचे दिवस. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे सात दिवसांचं आम्हाला कौतुकच होतं. सात दिवसांनी मुदतवाढीचं पत्र आलं. मग आणखी एक. मग हे अकरा कागद, आणि वर कारण दिलेलं: 'अंतर्गत विचारविनिमयाचा मजकूर'. कायद्यात तशी सवलत आहे हे खरं. पण ट्रक मोजणं हा विचारविनिमय कसा होतो, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

याच्यावर कोर्टात जाता येतं. आणि गव्हर्नर, इथेच तुमच्या राज्याने 2024 मध्ये आमच्या पायाखालची सतरंजी काढून घेतली.

तोवर नियम असा होता की सरकारने माहिती बेकायदा नाकारली असं कोर्टात सिद्ध झालं, तर अर्जदाराच्या वकिलाची फी सरकारने भरायची. म्हणून काही वकील सामान्य माणसाकडून एक डॉलरही न घेता असे खटले लढवत. हरलं तर आपल्याच खिशाला चाट बसेल, या धाकाने गावंही जरा जपून वागत. 5 जून 2024 रोजी तुमच्या आधीच्या गव्हर्नरांनी दुरुस्तीवर सही केली. आता फी हक्काने मिळायची तर सरकारने अवाजवीपणे नाकारलं, वाईट हेतूने वागलं किंवा जाणूनबुजून कायदा मोडला, हे दाखवावं लागतं. नुसतं चुकलं एवढं पुरत नाही. शिवाय एखाद्याचे अर्ज सरकारी कामात मुद्दाम अडथळा आणण्यासाठी आहेत असं वाटलं, तर सरकारच त्याच्याविरुद्ध कोर्टात जाऊ शकतं. त्या विधेयकाच्या सुनावण्यांना पत्रकार, वकील, पर्यावरणवाले आणि साधे रहिवासी रांगा लावून विरोध नोंदवायला आले होते. आमच्या नर्सबाई रात्रपाळी करून सरळ ट्रेंटनला गेल्या होत्या. विधेयक तरीही मंजूर झालं.

आम्ही दोन वकिलांशी बोललो. दोघेही सज्जन. दोघांनीही आधी विचारलं, वाईट हेतू कसा दाखवणार? काळ्या पानावरून हेतू कसा वाचायचा? राज्याच्या रेकॉर्ड्स कौन्सिलकडे वकिलाशिवाय तक्रार करता येते, पण तिथे निकाल लागेपर्यंत गोदामाच्या भिंतींना दुसऱ्यांदा रंग देऊन झालेला असेल.

मला हे जास्त लागतं त्याला कारण आहे. मी महाराष्ट्रातला. माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राने 2005 मध्ये केला, पण महाराष्ट्राने तो त्याच्या आधीच केला होता, आणि त्यासाठी अण्णा हजारेंसारख्यांना उपोषणं करावी लागली होती. माझे काका निवृत्तीनंतर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून नगरपालिकेला अर्ज करत. आमच्या आळीतली गटाराची फाइल त्यांनी अशीच बाहेर काढली. गटार कागदावर दोनदा बांधलं गेलं होतं. तो कायदाही पुढे बोथट केला गेला. त्यामुळे बोथट करण्याची पद्धत मला ओळखीची आहे. अधिकार कुणी काढून घेत नाही, फक्त तो वापरणं महाग करून ठेवतात.

आता तुमच्याबद्दल.

2017 मध्ये मॉरिसटाउनला दर शुक्रवारी काँग्रेसमन रॉडनी फ्रीलिंगहायझन यांच्या ऑफिसबाहेर लोक जमायचे. हातात पाट्या, बाजूला बाबागाड्या, थंडीत नाकं लाल झालेली. मागणी एकच: टाउन हॉल घ्या, आमच्यासमोर उभे राहा आणि आरोग्य विम्याचं काय करणार ते सांगा. 'एनजे इलेव्हन्थ फॉर चेंज' हा गट 2016 च्या निवडणुकीनंतर अशाच जेवणाच्या टेबलांवर उभा राहिला होता. काँग्रेसमन समोर आले नाहीत. उलट त्या गटातल्या एक बाई ज्या बँकेत नोकरीला होत्या, तिथल्या एका संचालकाला देणगीसाठी पाठवलेल्या पत्रावर त्यांनी स्वतःच्या हाताने टीप लिहिली, की या म्होरक्यांपैकी एक तुमच्याच बँकेत आहे. त्या बाईंनी पुढे नोकरी सोडली. जानेवारी 2018 मध्ये काँग्रेसमननी आपण पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं. त्या नोव्हेंबरात, दशकानुदशकं रिपब्लिकन राहिलेल्या त्या मतदारसंघातून, नौदलात हेलिकॉप्टर चालवलेल्या एक माजी सरकारी वकील निवडून आल्या. त्या तुम्ही.

तुम्ही तुमच्या कर्तृत्वावर आलात, याबद्दल वाद नाही. पण जमीन त्या शुक्रवारवाल्यांनी नांगरून ठेवली होती.

तसंच 'लाइन'चं. भारतातल्या वाचकांसाठी सांगतो. या राज्यात प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, मतपत्रिकेवर काउंटीतल्या पक्षाने पसंत केलेले उमेदवार एका सलग रकान्यात छापायचे, वर राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आणि खाली गावच्या कौन्सिलचा. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, मध्ये रिकामी घरं सोडून. त्या कोपऱ्याला इथले लोक 'बॅलट सैबेरिया' म्हणत. 21 पैकी 19 काउंट्यांत हा प्रकार होता. ससेक्स आणि सेलम या दोनच सुटल्या होत्या. रकाना कुणाला द्यायचा हे अनेक ठिकाणी काउंटी अध्यक्षाच्या मर्जीवर. माझ्या पहिल्या प्रायमरीत मी ती पत्रिका हातात धरून पाच मिनिटं उभा होतो. मत देणं म्हणजे एका रेघेवरून बोट खाली ओढत नेणं, असंच वाटलं.

2020 मध्ये त्याविरुद्ध खटला गुदरला गेला, 'न्यू जर्सी वर्किंग फॅमिलीज' त्यात होती. वर्षानुवर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग सिनेटच्या जागेसाठी तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी उभ्या राहिल्या, बड्या काउंट्यांचे अध्यक्ष पटापट त्यांच्यामागे गेले, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच जागेसाठी उभे असलेले काँग्रेसमन अँडी किम फेडरल कोर्टात गेले. 29 मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या प्रायमरीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या पत्रिकेवरची लाइन थांबवली. त्याच्या पाचच दिवस आधी गव्हर्नरांच्या पत्नींनी माघार घेतली होती. मार्च 2025 मध्ये लाइन कायद्यानेच गेली. गव्हर्नरपदाची तिच्याशिवाय झालेली पहिली प्रायमरी तुम्ही जिंकलीत, सहा उमेदवारांत.

कागदावरची लाइन गेली, पण खोलीतली गेलीय असं मला वाटत नाही. पक्षाच्या काउंटी कमिटीच्या बैठकीत अजूनही तेच चेहरे पुढच्या रांगेत बसतात. आमच्या नर्सबाई आमच्या वॉर्डातून कमिटीवर निवडून आल्या. ती जागा रिकामीच पडलेली होती, विरोधात कुणीच नव्हतं. पहिल्या बैठकीला गेल्या तर दारावर विचारलं, तुम्हाला कुणी पाठवलं? "मतदारांनी," त्या म्हणाल्या. दारावरचा माणूस यादी घ्यायला आत गेला तो बराच वेळ आलाच नाही.

तर मागणी. ओप्राची 2024 ची दुरुस्ती मागे घेणारं विधेयक आलं तर मी सही करीन, असं तुम्ही उघडपणे सांगा. सगळी दुरुस्ती जमत नसेल तर निदान दोन गोष्टी: बेकायदा नकार सिद्ध झाला की वकिलाची फी सरकारने भरायची, आणि अर्जदाराला कोर्टात खेचायचं कलम रद्द. विधिमंडळ ऐकत नसेल, तर तुमच्या हाताखालच्या खात्यांपुरता तरी आदेश काढा: प्रत्येक नकाराचं कारण साध्या भाषेत, काळ्या केलेल्या प्रत्येक पानागणिक, आणि सगळ्या अर्जांची यादी लोकांसमोर. त्याला कुणाच्या मतांची गरज नाही, पेन पुरतं.

मतदानाच्याच दिवशी नावनोंदणीचंही बघा. इथे अजून 21 दिवस आधी नाव घालावं लागतं, आणि मागच्या गव्हर्नरांचा पाठिंबा असूनही ते विधेयक सिनेटमध्ये अडकून राहिलं. विजेच्या बिलाचं मी काढत नाही. त्यावर तुम्ही प्रचारात पुष्कळ बोललात आणि लोक दर महिन्याला बिल उघडून तुमची आठवण काढतातच.

तुमच्या पक्षातले लोक म्हणतील, गावांच्या क्लार्कना अर्जांचा त्रास होतो, कंपन्या धंद्यासाठी ढिगाने माहिती मागतात. होतो त्रास, खरंय. आमच्या गावच्या क्लार्कबाईंना मी बघितलंय, एकट्या बाई तीन टेबलांचं काम करतात, आणि कागद देताना त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं होतं. मग त्यांना आणखी एक माणूस द्या. कंपन्यांसाठी वेगळा नियम करा. त्या त्रासाचं बिल पोलिश बाईंच्या पेन्शनवर का फाडता?

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला प्लॅनिंग बोर्डाची बैठक आहे. प्रत्येकाला माइकवर तीन मिनिटं मिळतात. आम्ही सातजण जाणार आहोत, म्हणजे एकवीस मिनिटं. नर्सबाईंनी रजा टाकलीय, चिवडा मी करतोय. ती अकरा पानं बरोबर नेऊन एकेक करून वाचून दाखवायची असं ठरलंय. पहिल्या पानावरची तारीख, चौथ्यावरचं 'धन्यवाद', आणि नवव्यावरचं प्रश्नचिन्ह.

आपला,
मिडलसेक्स काउंटीतला एक मतदार