सूचना : एकट्या पडलेल्या विद्यार्थ्यावरची कादंबरी वाचनाला देण्याआधी

सभासदांनो, पुढच्या वाचनासाठी पहिलं प्रकरण २००० शब्दांच्या आत पाठवा. त्यापुढचा मजकूर वाचला जाणार नाही.

बहुतेक मसुदे एकाच जागी फसतात : पंधरा-सोळा वर्षांचं पोर खोलीत पडून पानंच्या पानं विचार करतं आणि घडत काहीच नाही. एकटेपणा दिसतो तो गर्दीत. मधल्या सुट्टीत तो पाण्याची बाटली दोन-दोनदा भरायला का जातो? हाताला काम असलं की एकटं उभं राहणं लपतं. प्रकल्पासाठी गट पाडताना कुणाचं नाव उरतं, वर्गाच्या ग्रुपवर त्याच्या मेसेजनंतर विषय कसा बदलतो, हे लिहा. ‘तो फार एकटा होता’ हे वाक्य मग आपोआप गळून पडेल.

पहिल्या पाच पानांत त्याला काहीतरी हवं असू द्या, क्षुल्लक असलं तरी चालेल. निवेदन ‘मी’चं असेल तर समुपदेशकाची भाषा त्याच्या तोंडी घालू नका, स्वतःचं सगळं कळलेला मुलगा खोटा वाटतो.

आत्महत्येचा किंवा स्वतःला इजा करण्याचा प्रसंग असल्यास पद्धत, साधन, जागा यांचे तपशील काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधल्या, पडदा आणि रंगभूमीसाठीच्या पुस्तिकेचाही रोख हाच आहे. मृत्यू म्हणजे सूड किंवा सुटका, असं रंगवू नका. अशा मसुद्याच्या माथ्यावर तसा इशारा लिहा, म्हणजे ज्यांना वाचायचं नाही ते आधीच कळवतील.