‘नोंदणी : ऐच्छिक’ एवढेच शिकलेली मुले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेतील ‘वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन’ हा विषय, मुलांच्या बोलीत ‘ओसीएम’, पाठांतराचा आणि म्हणून सोपा समजला जातो. अकाउंट्सची धास्ती घेतलेल्या मुलाला ‘ओसीएम तारून नेईल’ असा धीर शिक्षकही देतात. तालुक्याच्या गावी बरीच वर्षे करसल्लागार म्हणून काम करताना मात्र, या सोप्या विषयात भरघोस गुण मिळवलेली मुले स्वतःचा धंदा थाटल्यावर नेमकी इथेच अडकलेली मी पाहतो.

मागील वर्षी फॅब्रिकेशनचा व्यवसाय करणारे तीन मित्र माझ्याकडे आले. तिघेही बी. कॉम. झालेले. एका बांधकाम ठेकेदाराने ग्रिल आणि गेटच्या कामाचे साडेतीन लाख रुपये थकवले होते आणि त्यांना दावा लावायचा होता. स्टॅम्प पेपरवर भागीदारी करार होता, पॅन होते, जीएसटी होता, बँकेत चालू खाते होते. फक्त निबंधकाकडे भागीदारी संस्थेची नोंदणी केलेली नव्हती. ‘ती ऐच्छिक असते ना?’ असे त्यांच्यातल्या एकाने विचारले आणि त्याचे उत्तर पुस्तकी अर्थाने बरोबरच होते. 1932च्या भागीदारी कायद्याने नोंदणी सक्तीची केलेली नाही. परंतु त्याच कायद्याच्या कलम 69नुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून येणे असलेल्या रकमेसाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही, उलट त्या माणसाला संस्थेवर दावा लावायला कसलीच आडकाठी नसते. शंभर रुपयांपर्यंतच्या किरकोळ दाव्यांना सूट आहे, हे मी सांगितल्यावर एक जण हसला, बाकीचे दोघे हसले नाहीत. आधी नोंदणी आणि मग दावा, एवढाच मार्ग उरला होता आणि वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत सरत आली होती. करारही दुसऱ्या कुणाच्या कराराची नक्कल होता. दिवसभर शेडमध्ये राबणाऱ्या भागीदाराच्या पगाराचा त्यात उल्लेखच नव्हता, आणि करारात तसे ठरलेले नसेल तर कायद्याने भागीदाराला कामाचा मोबदला मागता येत नाही.

या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाच्या उत्तरात ते दोन रकाने आखत आले आणि ‘नोंदणी’ या ओळीत भागीदारीपुढे ‘ऐच्छिक’, कंपनीपुढे ‘सक्तीची’ असे लिहीत आले. तेवढ्यावर गुण मिळाले. ऐच्छिक गोष्ट केली नाही तर काय होते, हे त्या रकान्यात मावत नाही.

व्यवस्थापनाच्या तत्त्वांचेही तेच. हेन्री फेयॉल हे 1888मध्ये डबघाईला आलेल्या फ्रेंच खाण आणि पोलाद कंपनीचे प्रमुख झाले, त्यांनी ती सावरली आणि त्या अनुभवातून 1916मध्ये आपली 14 तत्त्वे मांडली. तत्त्वांच्या संख्येला मर्यादा नाही आणि ती परिस्थितीनुसार वापरायची असतात, हेही त्यांनीच लिहून ठेवले. आपल्याकडे त्यांतले एखादे जरी आठवले नाही, तरी मुलाला घाम फुटतो.

माझी सूचना साधी आहे. या विषयात प्रकल्पाला गुण आहेतच; ते सध्या बहुधा एकमेकांच्या वह्या उतरवण्यात जातात. त्याऐवजी प्रत्येक मुलाने गावातल्या दूध संस्थेचे किंवा पतसंस्थेचे उपविधी, म्हणजे संस्थेचे स्वतःचे नियम, मिळवून वाचावेत. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात, म्हणजे कॉलेजचे पहिले सत्र चालू असतानाच त्या गावोगाव भरतात. संस्थेच्या परवानगीने मुलांनी मागच्या रांगेत बसावे, सभासदाच्या हातात असलेला अहवाल चाळावा आणि ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात नेमके कोणते विषय संमत झाले, ते वहीत टिपून आणावे. अनेक भाग (शेअर) असलेल्या सभासदाला आणि एकच भाग घेतलेल्याला तिथे सारखेच एक मत का, हा प्रश्न त्यांना तिथेच पडेल; शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी तास तेथून सुरू करावा.

आपला,
एक करसल्लागार, सांगली जिल्हा